फुटका बांध सोडून मुंबईच्या सभेला

सन १९५७. मला तेव्हा अडुसष्टावं चाललेलं. शाळा म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. मास्तरांनी विनाकारण हातावर छडी मारली, मी ती छडी मोडून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. परत गेलो नाही. त्यामुळे अक्षर वाकडं आहे. डोकं वाकडं नाही. आणि हे लिहायला बसलोय ते रागानं बसलोय, हे आधीच सांगून ठेवतो.

राग कशाचा, तर त्या सभेतला माझा फोटो पेपरात आला. फोटोत मी उघडाबंब, खांद्यावर घोंगडी, हातात जोंधळ्याची कणसं, आणि शेजारी मंत्री हसतोय. खाली छापलंय की आपल्या मालकीच्या शेतातलं पहिलं पीक देताना एका वृद्ध कुळाला आनंद झाला आहे. शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत जो भेटतो तो विचारतो, "काय जोमाबाबा, मुंबई कशी वाटली? मजा केली ना?" तोंडानं सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. जे गेले नाहीत त्यांनी वाचावं. जे गेलेले त्यांनीही वाचावं, कारण मैदानाच्या शेवटून बघणाऱ्यांना मी आनंदात आहे असंच दिसलं असेल.

आमचं गाव डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठावर. गावाच्या पुढं भातशेती, भातशेतीच्या पुढं मातीचा बांध, बांधाच्या पलीकडं खाडी. बांध आहे तर भात आहे. बांध गेला की भरतीचं खारं पाणी शेतात, आणि ते एकदा मुरलं की तीन पावसाळे धुऊन निघाल्याशिवाय जमीन दाणा देत नाही. माझ्या आज्यापासूनची रीत अशी, की शेत आम्ही कुळांनी कसायचं आणि बांध जमीनवाल्या शेठनं राखायचा. माणसं त्याची, लाकूड त्याचं. मग कायदा आला, कसेल त्याची जमीन झाली. आम्ही नारळ फोडले. शेठनं हात झटकले. म्हणाला, "जमीन तुमची ना? मग बांधही तुमचा." आणि त्याच वर्षी होळीच्या पुनवेच्या उधाणाला बांधाला खांड पडली. खांड म्हणजे भगदाड. बारा हात रुंद.

खांड वाटेल तेव्हा बुजवता येत नाही. पुनव-अवसेच्या आसपास पाणी जोरात असतं, आज टाकलेला चिखल उद्या खाडीत. अष्टमी ते एकादशी पाणी मेल्यासारखं असतं. त्याला आम्ही भांगाचे दिवस म्हणतो. त्या चार दिवसांत टाकलेली माती बसते. होळीपासून असे चार भांग आमच्या हातून गेले. दोन शेठची वाट बघण्यात गेले, एक ठाण्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात. एकदा आम्ही आमच्या हिमतीवर चिखल टाकला, पण आत फळ्या नव्हत्या, धारेनं सगळा नेला. आता वैशाख वद्यातला भांग उरला होता. तो चुकला तर पुढचा ज्येष्ठात, आणि ज्येष्ठात पावसाचा काय भरवसा? या भांगात खांड बुजली नाही तर यंदा पेरणी नाही, आणि पुढची दोन वर्षंही नाही. गावानं खायचं काय, एवढाच प्रश्न होता.

अशा वेळी डोंबिवलीचे वकील गावात आले. चांगले शिकलेले, स्वच्छ धोतर, बोलणं पुण्याच्या माणसासारखं. म्हणाले, "मुंबईला कुळांची प्रचंड सभा भरते आहे. मंत्री येणार आहेत. तुम्ही मंचावर बसायचं, दोन मिनिटं बांधाबद्दल बोलायचं आणि अर्ज मंत्र्यांच्या हातात द्यायचा. आठ दिवसांत लाकूड येईल. फक्त तीस माणसं बरोबर आणा."

मी विचारलं, "सभा कधी?"

त्यांनी तारीख सांगितली. मी बोटांवर मोजलं. वैशाख वद्य नवमी. भांगाचा दुसरा दिवस.

तिथंच नाही म्हणायचं होतं. पण मंत्र्याच्या समोर उभं राहून आपल्या तोंडानं बोलायचं, हे माझ्या डोक्यात शिरलं. मी म्हणालो, "येतो." आणि मी एकदा येतो म्हटलं की येतो.

गावच्या बैठकीत मी ठरलेलं सांगितलं. बोलली ती भिमी. भिमी माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तिचं शेत खांडीच्या तोंडाशीच आहे. पदर डोक्यावर घेऊन खांबाआडून म्हणाली, "दादा, सभा पुडं गेली त चालंल. पानी पुडं जात नाय."

"मी शब्द दिलाय."

"शब्दानं खांड बुजते काय?"

चार माणसांत बोलली. मला ते लागलं. मी म्हणालो, "खांडीचं बाईमानसानं सांगू नये. खांडीच्या तोंडाशी कोन उभा राहतो? मी. माझ्या आदी माझा बाप." आमच्याकडं तशी रीतच आहे. बायांनी मातीच्या पाट्या वाहायच्या. तोंडाशी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून माती लावायची ती आमच्या घरच्या पुरुषानं.

ती उठून घराकडं निघाली. मला वाटलं मी जिंकलो.

अष्टमी: खाडीतून ठाण्याला

सकाळी पाणी उतरायला लागलं तशा दोन होड्या सोडल्या. एकतीस माणसं. बायांनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि कांदे बांधून दिलेले. भिमीच्या हातची शिदोरी नव्हती. मी कोट घातलेला. काळा कोट, मुलाच्या लग्नात कल्याणच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला, दोन रात्री गादीखाली दाबून इस्त्री केलेला. आतल्या खिशात अर्ज. गावच्या मास्तरांनी लिहिलेला, तो मी अक्षर न अक्षर वाचायला लावून तीनदा ऐकलेला.

भांगाच्या पाण्याला ओढ नसते. होडी आपली कंटाळलेल्या म्हशीसारखी चालली होती. मुंब्र्याच्या डोंगराखाली आलो तेव्हा मी सांगितलं, डावीकडनं घ्या. सुकाणूवर धर्मा होता. धर्मा माझ्याच वयाचा, लहानपणापासून माझ्या मागं लागलेली पीडा. तो म्हणाला, "डावीकडं चिखल हाय."

"मना खाडी शिकवतंस?"

घेतली डावीकडनं. होडी चिखलात रुतली. दहा माणसं मांडीपर्यंत उतरून ढकलायला लागली तेव्हा धर्मा मोठ्यानं म्हणाला, "ढकला, ढकला! मंत्री वाट बगतंय. जोमा भाषण करनार, त आपन भाषनाआदी आंघोल करून घेव!" सगळे हसले. मी कोट वर धरून बसून राहिलो. खरं सांगायचं तर मलाही उतरायला हवं होतं. पण कोट होता.

दुपारी कळव्याच्या पुलाजवळ होड्या बांधल्या आणि चालत टेंभी नाक्यावर गेलो. नाक्यावर कागदाच्या पताका, लाकडी कमान, आणि कर्ण्यावर कोणी तरी एकच वाक्य परत परत ओरडत होता. आमच्याकडं दारात माणूस आला की आधी गुळाचा खडा आणि पाणी, मग नावगाव. इथं टेबलामागच्या माणसानं आधी विचारलं, "कुठला गट? किती डोकी?" मी म्हटलं, "डोकी नाय. मानसं. एकतीस." त्यानं वर न बघता लिहून घेतलं. पाणी कुठं मिळेल विचारलं तर म्हणाला, "नळ आहे ना." नळाला पाणी नव्हतं. समोरच्या चाळीतल्या एका बाईनं स्वतःहून दोन हंडे खाली आणून दिले, तिचं मात्र भलं होवो. तिनं विचारलं, "कुठल्या गावचे हो तुम्ही?" मी सांगितलं. "आणि आत्ता इकडं? माझं माहेर खारीगावचं. भांग चालू आहे ना?"

मी हंड्याखाली ओंजळ धरली. धर्मानं माझ्याकडं नुसतं बघितलं. तो गप्प राहिला की मला जास्त राग येतो.

रात्र शाळेच्या पडवीत काढली.

नवमी: सभा

सकाळी ट्रक आले. उघडे, वाळू वाहायचे. आम्हाला उभे भरले. क्लीनर खडूनं फळीवर रेघा मारून मोजत होता. प्रत्येक ट्रकवर एक स्वयंसेवक, तो आम्हाला घोषणा शिकवायचा. "मी म्हणेन कसेल त्याची, तुम्ही म्हणायचं जमीन! जोरात! आजोबा, तुम्ही म्हणत नाही?"

मी म्हटलं, "मना पाठ हाय. मी ती कसलीय."

मुंबईचं काय सांगू? घरं उंच आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मला आश्चर्य वाटलं ते दादरच्या मैदानाशेजारी समुद्र आहे त्याचं. म्हणजे समुद्राचं नाही, तो मी जन्मापासून बघतोय. पण तिथं चांगल्या कपड्यांतली माणसं समुद्राकडं तोंड करून नुसती बसलेली. जाळं नाही, टोपली नाही, काम नाही. आणि समुद्र आत येऊ नये म्हणून दगडाची पक्की भिंत, माणसाच्या उंचीची. मी त्या भिंतीवर हात फिरवून बघितला. एक खडा हलत नव्हता. इथं बसून वारा खाणाऱ्यांसाठी अशी भिंत, आणि आम्ही भात पिकवतो तिथं मातीचा ढीग. तिथून माझा राग सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

दुपारी कागदात गुंडाळून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी दिली. पुऱ्या थंड, चामड्यासारख्या. भात नाही. मी वाढणाऱ्याला विचारलं, "कुळांची सभा ना ही? ठान्या-कुलाब्याची कुळं? आनि भात नाय?"

"भात सांडतो, आजोबा. मैदान घाण होतं."

पटलं. भात पिकवणाऱ्यानं भात मागितला तर मैदान घाण होतं.

माझ्या शेजारी गिरणीतला एक माणूस बसलेला. चाळिशीचा, खाकी अर्धी चड्डी, गोणपाटाच्या तुकड्यावर मांडी घालून. तो अलिबागच्या बाजूचा निघाला. मी त्याला आमच्या खांडीचं सांगितलं. त्यानं विचारलं, "किती दिवस उघडी?"

"होळीपासून."

"आमची दोन वर्षं होती. मग बुजवली, पण तोवर आम्ही पाच घरं इकडं आलेलो. परत कोणी गेला नाही." मग म्हणाला, "बाबा, बोलायला मिळालं तर लाकडाचं आधी बोला. बाकी मागून. लोक सुरुवातच ऐकतात." एवढ्या मोठ्या सभेत कामाचं बोललेला तो एकच माणूस.

आणि सभा मोठी होती, हे खोटं सांगणार नाही. नजर पोचेल तिथवर डोकी. माणसं झाडांवर, भिंतींवर. लोक एकदम "जमीन!" म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, एवढी माणसं एकेक पाटी माती टाकतील तर आमची खांड काय, सगळी खाडी बुजेल.

मग मला मंचामागं बोलावलं.

तिथं एक चष्मेवाला स्वयंसेवक. मला वरून खाली बघून म्हणाला, "आजोबा, कोट काढा."

"का? मना उकडत नाय."

"तसं नव्हे हो. कोटात तुम्ही कूळ वाटत नाही. कारकून वाटता."

"वाटू दे. कुळानं कोट घालू नये असं कायद्यात लिवलंय काय?"

तो वकिलांना घेऊन आला. वकील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जोमाबाबा, मोठ्या कामासाठी एवढंसं करा. फोटो निघणार आहे. लोकांना शेतकरी दिसला पाहिजे. लगेच परत घाला."

मी बांधाचा विचार केला आणि कोट काढला. बंडीही काढायला लावली. आयुष्यात दुसऱ्याच्या सांगण्यावरून अंगावरचा कपडा काढला तो तेवढाच. मग त्यानं माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. मी म्हटलं, "घोंगडी? मी काय मेंढरं राखतो?" वैशाखात घोंगडी! मग हातात कणसांची जुडी दिली. बघतो तर जोंधळा.

"हे काय?"

"तुमच्या शेतातलं पहिलं पीक. मंत्र्यांना द्यायचं."

"माझ्या शेतात जोंधळा? अरे, आमच्याकडं जोंधळा पेरत नायत, खातही नायत."

"या दिवसांत भाताच्या लोंब्या कुठून आणू? लांबून कळत नाही, आजोबा."

मला वर ढकललं. दिवे, हार, खुर्च्या. कर्ण्यावर बोलणारा माणूस म्हणाला, "ठाणे जिल्ह्यातलं हे वृद्ध कूळ! पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यासाठी राबले! आज त्यांच्या स्वतःच्या हिरव्यागार शेतातलं पहिलं कणीस घेऊन आले आहेत!" टाळ्यांचा पाऊस पडला. माझ्या हिरव्यागार शेतात त्या वेळी कमरेइतकं खारं पाणी आत-बाहेर करत होतं.

मी जुडी मंत्र्याच्या हातात दिली आणि सरळ कर्ण्याच्या बोलायच्या दांड्याशी गेलो. म्हणालो, "माझ्या शेतात खारं पानी हाय. लाकूड पायजे. बांधाला बारा हात..."

एवढंच. चष्मेवाल्यानं दांडा हातानं झाकला. बोलणाऱ्यानं लोकांकडं हात वर केला, आणि त्यानं हात वर केला की टाळ्या वाजवायच्या हे लोकांना सकाळपासून शिकवलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो ओरडला, "आजोबांना भरून आलं आहे! त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही!"

मला भरून आलं नव्हतं. माझ्या तोंडून शब्द फुटत होते. त्यानं ते दाबले.

मंत्री वाकून म्हणाला, "काय म्हणता, आजोबा?" मी म्हणालो, "बांध. अर्ज आहे." आणि हात छातीकडं नेला. छाती उघडी. अर्ज कोटात, कोट खाली. मी चाचपडतोय तोवर तो "छान, छान" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला. एवढ्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं नसेल, हे मी मानतो. पण प्रश्न विचारून जो उत्तराला थांबत नाही, त्यानं विचारावं कशाला?

मी खाली धावलो. कोट कर्ण्याच्या बॅटरीखाली घडी घालून ठेवलेला, खोकं डुगडुगू नये म्हणून. ओढून काढला. अर्ज होता. वर जायला गेलो तर दोरी आडवी. मंत्री दुसऱ्या बाजूनं उतरून मोटारीत बसला.

वकील मला समजवायला आले. "बाबा, राजकारणात धीर लागतो. अर्ज माझ्याकडे द्या. मी पोचवतो."

मी म्हणालो, "तुमच्याकडं द्यायला मी मुंबईला कशाला येऊ? तुमचं घर डोंबिवलीला हाय. माझ्या दारापासून तासाची वाट."

"तुम्ही रागावला आहात."

"रागावलोय. मी तुम्हाला तीस मानसं दिली, भांगाचे तीन दिवस दिले. तुमी मना जोंधळा दिला."

"पण सभा किती यशस्वी झाली, बघा! शेवटी हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?"

त्यांना मनापासून तसं वाटत होतं. खोटारडा माणूस परवडला, त्याच्या कानाखाली वाजवता तरी येते.

दशमी: परतीची वाट

रात्र मैदानातच गेली. पहाटे ट्रक आले. मी सांगितलं, मी यांच्या गाडीत बसणार नाही. चालत जाणार.

आमची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणाला, "बाबा, आठ कोस हाय."

"दहा असू दे."

धर्मा म्हणाला, "राग तुना आलाय, तुजा राग तू चाल. माजे पाय कशाला चालवतंस?" आणि ट्रकवरून खाली उतरून माझ्याबरोबर चालायला लागला. बाकीचे गाडीनं गेले.

शीव, कुर्ला, घाटकोपर. रस्ता डांबरी, वर ऊन, खाली चटका. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, मी दोन्ही वहाणा हातात घेतल्या. धर्मा वाटभर बडबडत होता. "मुंब्र्याला डावीकडनं घेतली ती पन तूच." भांडुपच्या पुढं एका झोपडीच्या अंगणात म्हातारी भात कांडत होती. आम्हाला बघून न विचारता पेज दिली, मीठ घातलेली, गरम. मग विचारलं, "कुठनं आले?"

"सभेवरून. कुळांच्या."

"मग कुळं कुठायत?"

धर्मा म्हणाला, "ती गाडीनं गेली. हे वाजंत्री मागं राहिलं." म्हातारी हसली. मी पेज संपवली. आदल्या दिवसापासून पोटात गेलेलं ते पहिलं धड अन्न.

दुपार कलल्यावर कळव्याला पोचलो. एक होडी चढतं पाणी लागल्यावर नुकतीच पुढं गेलेली. दुसरीत दहा जण आमच्यासाठी थांबलेले. ट्रक सकाळी नऊलाच ठाण्यात पोचला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे मी चालायचा हट्ट धरला नसता तर सगळे तेव्हाच काठानं चालत गावात पोचले असते, निम्म्या दिवसाचं काम झालं असतं. ते न सांगताच मला समजलं. चढत्या पाण्यानं होडी घरी नेली.

गावाच्या वळणावर आलो तेव्हा ऊन पिवळं झालेलं. मी आधी बांधाकडं बघितलं. बारा हातांची खांड चार हातांची झाली होती.

मला वाटलं डोळे फसले. जवळ गेलो. दोन्ही बाजूंनी कारवीच्या काठ्यांचे कूड उभे केलेले, कुडाच्या दोन रांगा, मधे चिखल आणि पेंढा ठासून भरलेला. हात लावला. माती बसली होती. बाया काम आटपून घराकडं चाललेल्या, गळ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या. आमच्या होडीकडं एकीनंही बघितलं नाही.

एवढे कूड कुठून आले ते गावात शिरल्यावर कळलं. भिमीच्या घराला मागची भिंत नव्हती. आत चूल पेटलेली बाहेरून दिसत होती. तिच्या शेजारच्या घराला एक बाजू नव्हती. पुढं आणखी तीन घरं तशीच. तीन दिवस बायांनी आपल्या भिंती उपटून बांधावर नेल्या होत्या. माझ्या सुनेनं सांगितलं, "मधल्या चार हातांत धार हाय. तिथं कूड टिकत नाय. फळी पायजे, नाय त उद्याचा दिस गेला की संपलं." मी विचारलं, तोंडाशी कोण उभं राहिलं? ती म्हणाली, "भिमीकाकी."

मी जेवलो नाही. मला राग आला होता. वकिलावर, चष्मेवाल्यावर, त्या "छान, छान"वर. आणि भिमीवर सगळ्यात जास्त, कारण तिच्यावर रागवायला काही कारण सापडत नव्हतं.

एकादशीला उजाडताच उठलो. आमच्या घराचं पुढचं दार सागाचं आहे. माझ्या बापानं वाडा तालुक्याच्या रानातून लाकूड आणवून बसवलेलं, गावात तसं दुसरं दार नाही. मी ते बिजागरीतून उचलायला लागलो. एकट्याला हलेना. धर्माला हाक मारली. तो आला, दाराकडं बघितलं, मला म्हणाला, "आता दार पन मंत्र्याला नेतंस?" मग त्यानं दुसरी बाजू धरली.

बांधावर पोचलो तोवर पाणी उतरायला लागलं होतं. भिमी खांडीच्या तोंडाशी कमरेइतक्या पाण्यात उभी होती, पदर कमरेला खोचलेला. माझी तीस माणसं आणि गावच्या बाया रांगा लावत होत्या. भरल्या पाट्यांची एक रांग तोंडाकडं जाते, रिकाम्या पाट्यांची दुसरी रांग मागं येते. दुसऱ्या रांगेत पोरं आणि म्हातारे असतात. तिनं दार बघितलं. कुठून आलं ते विचारलं नाही. "आडवं घाला. इथं," म्हणाली. आम्ही पाण्यात उतरून घातलं. दार धारेला टेकलं आणि धार दोन्हीकडं वळली.

मी तिथंच थांबलो. ती बाजूला होईल म्हणून. ती झाली नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुमी आठ कोस चालून आले. रिकाम्या पाट्यांच्या रांगेला लागा."

साठ-सत्तर माणसं बघत होती. माझी जीभ दातांपर्यंत आली होती. वरून कोणी तरी ओरडलं की धार अडलीय, माती द्या.

मी बाहेर आलो. रिकाम्या पाट्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.